अर्ध्या एकरातला ताग: हिरवळीच्या खताबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमचं दीड एकर रान कृष्णाकाठचं, काळं, खोल मातीचं. मुख्य पीक ऊस, मधे सोयाबीन, हरभरा, थोडा भाजीपाला. दरवर्षी या रानाच्या कुठल्या ना कुठल्या तुकड्यात ताग उभा असतो. फुलावर आलेला ताग नांगराखाली जाताना पाहून बांधावरून जाणारा माणूस थांबतोच आणि विचारतो. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. दहा गुंठ्यांपासून दोन एकरांपर्यंत ज्यांचं रान आहे त्यांना समोर ठेवून उत्तरं लिहिली आहेत.

हिरवळीचं खत म्हणजे नेमकं काय?

पीक काढून घेण्यासाठी नाही, तर कोवळं असतानाच जमिनीत गाडण्यासाठी पेरायचं. ताग, धैंचा, चवळी, मूग, उडीद ही त्यातली नेहमीची पिकं. ही सगळी शेंगवर्गीय आहेत, म्हणून त्यांच्या मुळांवर गाठी येतात आणि त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र (नायट्रोजन) धरून ठेवतात. दुसरा एक प्रकार बाहेरून पाला आणून घालण्याचा आहे. बांधावर गिरीपुष्प, म्हणजे उंदीरमारी लावायची आणि तिच्या कोवळ्या फांद्या छाटून रानात टाकायच्या. कोकणात भातासाठी हे चांगलं जमतं. ज्याच्याकडे तुकडा रिकामा ठेवायला जागाच नाही त्याने निदान बांध तरी वापरावा.

ताग म्हणजे पोत्यांचा ताग का?

नाही. इथे बराच गोंधळ होतो. पोती होतात ते ज्यूट, बंगालकडचं पीक. त्यालाही मराठीत ताग म्हणतात, पण ते शेंगवर्गीय नाही आणि नत्रही देत नाही. आपण गाडतो त्या तागाला कोणी बोरू म्हणतं, कोणी सण म्हणतं. फुलं पिवळीधमक, पान लांबट, आणि शेंग वाळली की आत बी खुळखुळतं. याच्याही सालीचा वाख निघतो आणि त्याचे दोर वळतात. हा वाख लक्षात ठेवा, पुढे गाडणीच्या वेळी त्याचा संबंध येणार आहे. दुकानात बी घेताना “हिरवळीच्या खताचा ताग” असं स्पष्ट सांगा.

ताग लावू की धैंचा?

रान पाहून ठरवा. पाण्याचा निचरा होत असेल तर ताग. तो झपाट्याने वाढतो, पालेदार असतो, लवकर कुजतो आणि तणाला डोकं वर काढू देत नाही. मात्र त्याच्या मुळाशी पाणी साचलं की पिवळा पडतो आणि बसतो. पाणी धरणारं रान, भाताची खाचरं, चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेली) किंवा क्षारपड जमीन असेल तर धैंचाच. सांगली-कोल्हापूर भागात नदीकाठची किती तरी रानं पाणी जास्त दिल्याने खारवली आहेत. तिथे आधी निचऱ्याची सोय, चोपण असेल तर माती तपासून जिप्सम, आणि मग धैंचा, अशा क्रमाने गेलं पाहिजे. नुसता धैंचा पेरून जमीन सुधारेल असं समजू नका.

टोमॅटो, वांगी, मिरचीत मुळांना सूत्रकृमीच्या गाठी येत असतील तर त्या तुकड्यात ताग घ्या. तागाच्या मुळांवर सूत्रकृमींची वाढ नीट होत नाही.

माझं रान अर्धा एकर. ते दोन महिने अडकवून मी खाऊ काय?

सगळ्यात खरा प्रश्न हा आहे. “जमिनीला विश्रांती द्या” हे सांगणं सोपं आहे. ज्याच्या घरचा बाजार त्याच वीस गुंठ्यांवर चालतो त्याला ते परवडत नाही.

त्याच्यासाठी माझं उत्तर असं: सगळं रान एकदम गुंतवू नका. वीस गुंठ्यांचे चार तुकडे पाडा, पाच-पाच गुंठ्यांचे. दरवर्षी एकाच तुकड्यात ताग. बाकी तिन्हीकडे नेहमीचं पीक. चार वर्षांत सगळ्या रानाची पाळी येते आणि एकाही वर्षी घराचं गणित कोलमडत नाही. आम्ही सुरुवात अशीच केली. वडिलांचा आधी विरोध होता. “पेरलेलं पीक गाडायचं?” हा त्यांचा प्रश्न. मग ज्या कोपऱ्यात ढेकळं फुटत नव्हती तो कोपरा त्यांनीच तागाला दिला.

दुसरा रस्ता मुगाचा. उन्हाळ्यात पाणी असेल तर उन्हाळी मूग, नाहीतर मृगाच्या पावसावर खरिपाचा मूग. साधारण साठ-पासष्ट दिवसांत येतो. शेंगांच्या दोन तोडण्या घ्या आणि हिरवा पालापाचोळा आहे तसा गाडा. नत्र तागापेक्षा कमी मिळतं, कारण बराच भाग दाण्यात जातो. पण हातात डाळ येते. ज्याची ओढाताण आहे त्याला मी ताग सांगत नाही, मूगच सांगतो.

पेरायचा कधी?

पुढचं पीक कोणतं, यावर मागे मोजत या. ताग गाडण्यालायक व्हायला पंचेचाळीस ते पन्नास दिवस आणि गाडल्यावर कुजायला दोन ते तीन आठवडे, एवढा हिशेब हातात ठेवा.

आडसाली उसाची लागण 15 जुलै ते 15 ऑगस्ट असते. तिच्यासाठी ताग मे महिन्यात, विहिरीला पाणी असेल तर पाण्यावर पेरावा लागतो. जूनमध्ये पावसाची वाट पाहून पेरलात तर लागण ऑगस्टच्या टोकाला ढकलली जाते. पूर्वहंगामी ऊस 15 ऑक्टोबर ते 15 नोव्हेंबर लावायचा असेल तर घाई नाही, जुलै-ऑगस्टचा ताग आरामात बसतो.

सोलापूर, अहिल्यानगर, बीडकडच्या कोरडवाहू भागात खरिपाला रान मोकळं ठेवून रब्बी ज्वारी करतात. तिथे मृगाचा पाऊस झाला की ताग पेरावा आणि ऑगस्टच्या मध्याच्या आत गाडावा. त्यापुढे उभा ठेवू नका. वाढणारा ताग जमिनीतली ओल पीत असतो आणि तुमची ज्वारी त्याच ओलीवर येणार असते. गाडून झाल्यावर सप्टेंबरचा पाऊस ती ओल पुन्हा भरून काढतो. पावसाने मोठा खंड दिला असेल आणि ताग गुडघ्याएवढाच असेल, तरीही वेळ आली की गाडून टाका.

आणखी एक. दिवस लहान व्हायला लागले की ताग उंची न धरताच फुलावर येतो. सप्टेंबरनंतर पेरलेला ताग कमरेपर्यंतच राहतो. बी तेवढंच लागतं, पाला मात्र निम्मा मिळतो.

बी किती लागतं आणि पेरायचं कसं?

तागाचं बी एकरी 20 ते 25 किलो, म्हणजे दहा गुंठ्यांना पाच-सहा किलो. धैंच्याचं बी बारीक असतं, एकरी 12 ते 16 किलो पुरतं. धैंच्याचं बी कठीण कवचाचं असल्याने रात्रभर पाण्यात भिजवून पेरा, उगवण सारखी होते.

दाट पेरायला कचरू नका. विरळ ताग जाड खोडाचा, फांद्यांचा आणि लाकडासारखा होतो. दाट पेरलेला सरळ, बारीक, कोवळा राहतो आणि तणही दाबतो. वखराची एक पाळी देऊन जमीन भुसभुशीत करा, बी फोकून द्या आणि वरून हलकी पाळी मारा. बी दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ नये. पाभरीने पेरलं तरी चालतं.

या रानात ताग पहिल्यांदाच येत असेल तर बियाण्याला रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी आणणारे जिवाणू, चोळा. ताग आणि चवळीचा गट एकच आहे, त्या गटाचं पाकीट मागा. दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅम. गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने लावायचं, सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. उन्हात सुकवलंत तर जिवाणू मरतात.

बियाण्यावर कधी कधी सरकारी अनुदान मिळतं, पण योजना दरवर्षी सारख्या नसतात. पेरणीच्या महिनाभर आधी गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा आणि सरकारी योजनांचं महाडीबीटी पोर्टलही पाहा.

गाडायचंच आहे, मग त्याला खत-पाणी कशाला?

कारण ते पीकच आहे. नत्र देऊ नका, युरिया मिळाला की मुळांवर गाठी कमी येतात. पण स्फुरद (फॉस्फरस) द्या. एकरी एक-दोन पोती सिंगल सुपर फॉस्फेट पेरणीच्या वेळी. ते वाया जात नाही, तागातून पुढच्या पिकालाच परत मिळतं. पावसाने ओढ दिली आणि पाणी असेल तर एक-दोन पाणी द्यावं.

मुळांवर गाठी आल्या की नाही हे कसं ओळखायचं?

पेरणीनंतर महिन्याभराने, वापशावर (जमिनीत ओल बेताची असताना), एक रोप ओढून न काढता खुरप्याने खणून काढा. मुळं बादलीत हळूच हलवून धुवा. मुळांना चिकटलेल्या लहान गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-तांबूस निघाली तर जिवाणू काम करत आहेत. आतून हिरवट किंवा करडी असेल तर त्या गाठीचं काम थांबलेलं आहे. पहिल्यांदा ती गुलाबी गाठ पाहिली तेव्हा मी धावत जाऊन वडिलांना बोलावून आणलं होतं.

सूत्रकृमीच्या गाठींशी गल्लत करू नका. नत्राची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, बोटाने घासली की सुटते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ते सुटत नाही.

गाडायचा नेमका कोणत्या दिवशी?

सगळ्या रानात मिळून पहिली पिवळी फुलं दिसायला लागली की त्या आठवड्यात. दिवस मोजले तर पंचेचाळीस ते पन्नास. शेताकडे पाहून ठरवायचं असेल तर खोड बोटांनी मोडून पाहा. कटकन मोडलं तर वेळ झाली. पिळलं तरी तुटत नसेल आणि साल सोलून दोरीसारखी येत असेल तर उशीर झाला.

या उशिराची किंमत आम्ही मोजली आहे. एका वर्षी ताग सुरेख आला होता, माणसाच्या डोक्यावर. भाड्याचा ट्रॅक्टर सांगून ठेवला होता, तो आज येतो उद्या येतो करत राहिला आणि मधे पावसाने झड लावली. गाडणी झाली ती पंच्याहत्तराव्या दिवशी. शेंगा धरल्या होत्या. रोटाव्हेटर दोन तास चालला असेल नसेल, तोच पात्यांभोवती वाख असा गुंडाळला की यंत्र फिरायचंच थांबलं. ट्रॅक्टर बंद करून आम्ही दोघं विळा आणि कोयता घेऊन खाली पडून ते दोर कापत होतो, दुपारपर्यंत. जमिनीत गेलेली खोडं महिनाभराने उकरली तरी तशीच होती. त्या तुकड्यातला मका हातभर होईपर्यंत पिवळाच राहिला. जून खोडात कर्ब (कार्बन) जास्त आणि नत्र कमी, त्यामुळे ते कुजवायला जिवाणूंनी जमिनीतलंच नत्र ओढून घेतलं होतं. शेवटी वरून युरिया टाकावा लागला.

तेव्हापासून आम्ही पेरणीच्या दिवशीच गाडणीची तारीख भिंतीवर लिहितो आणि ट्रॅक्टरवाल्याला आठ दिवस आधी आगाऊ पैसे देतो. तारीख चुकण्याची शक्यता दिसली तर चाळिसाव्या दिवशीही गाडतो. आठवडा लवकर गाडलेला ताग वजनाला कमी भरेल, पण नुकसान करणार नाही.

ट्रॅक्टर नाही. दहा गुंठे कसे गाडू?

विळ्याने बुडातून कापा आणि त्याच रानात दोन-तीन दिवस पसरून सुकवा, म्हणजे ओझं निम्मं होतं. मग बैलाच्या नांगराने सरी पाडत जा, मागून एक माणूस पाला सरीत लोटत जातो, आणि पुढच्या फेरीची माती त्यावर पडते. पॉवर टिलर असेल तर आधी कापून त्याचे वीतभर तुकडे करणं चांगलं. ट्रॅक्टर असेल त्यांनी आधी फळी किंवा पाटा फिरवून पीक एका दिशेला आडवं पाडावं आणि त्याच दिशेने पलटी नांगर घालावा. फार खोल नको. चार ते सहा इंचांवर हवा आणि ओल दोन्ही असतात, तिथे लवकर कुजतं.

जमिनीत ओल असताना गाडा. कोरड्या जमिनीत गाडलेला ताग वाळतो, कुजत नाही. गाडल्यावर पाऊस नसेल तर एक हलकं पाणी द्या.

कापून रानावर तसाच आच्छादन म्हणून ठेवला तरी चालतो. फळबागेत मी तेच करायला सांगेन. नत्राचा थोडा भाग हवेत उडून जातो, पण ओल टिकते आणि मुळांना धक्का लागत नाही.

गाडल्यावर पुढचं पीक कधी घ्यायचं?

कमीत कमी दोन आठवडे थांबा, भाजीपाल्याची रोपं किंवा भुईमूग असेल तर तीन. हिरवा पाला कुजताना जमिनीतल्या बुरशीला ऐन खाद्य मिळतं आणि त्याच वेळी रोपं लावली तर मर आणि मूळकूज वाढते. भाताचं तसं नाही. चिखलणीत गाडलेल्या धैंच्यावर आठवड्याभरात लावणी करतात आणि ती चांगली येते. तुमचं रान तयार आहे का हे कुदळ मारून पाहा. पानं ओळखू येत नाहीत, खोड काळं पडून बोटांत चुरडतं आणि आंबूस वास जाऊन मातीचा वास येतो, एवढं झालं की पेरा.

युरिया किती वाचतो?

मोजून पाहा, सांगोवांगी नको. गाडणीच्या दिवशी रानात तीन-चार ठिकाणी एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखा, त्यातला ताग कापून वजन करा आणि सरासरी काढा. समजा चौकोनाला दोन किलो भरला. दहा गुंठे म्हणजे साधारण हजार चौरस मीटर, म्हणजे दोन टन हिरवा पाला. हिरव्या तागात नत्र साधारण 0.43 टक्के धरतात. म्हणजे दहा गुंठ्यांत साडेआठ किलो नत्र. युरियात 46 टक्के नत्र असतं, त्या हिशेबाने अठरा-एकोणीस किलो युरिया. एकरी धरलं तर 45 किलोच्या पोत्याची दीड पोती आणि वर थोडं.

पण लगेच तेवढी पोती कमी करू नका. यातलं सगळं नत्र हवेतून आलेलं नसतं, काही जमिनीतूनच उचललेलं असतं, आणि सगळं पहिल्याच पिकाला मिळतही नाही. मी पहिल्या वर्षी हिशेबाच्या निम्माच युरिया कमी करतो आणि पिकाच्या पानाकडे लक्ष ठेवतो.

उभ्या उसात ताग घेता येतो का?

येतो, आणि ज्याला रान रिकामं ठेवता येत नाही त्याच्यासाठी ही उत्तम सोय आहे. लागणीच्या वेळी दोन सरींच्या मधल्या वरंब्यावर ताग टोकायचा किंवा पेरायचा आणि दीड महिन्याने कापून सरीत दाबून वर भर द्यायची. चार-पाच फुटांची सरी असेल तरच. अरुंद सरीत तो उसाच्या फुटव्यांवर सावली धरतो. उंची उसाच्या वर जायला लागली की एक दिवसही थांबू नका.

कीड येते का? जनावरांना घातला तर?

केसाळ अळी येते, पानं खाते. गाडायला आठ-दहा दिवस उरले असतील तर फवारणीवर पैसे घालू नका, सरळ गाडा. जनावरांच्या बाबतीत मात्र सांभाळा. तागाच्या बियांत यकृताला अपायकारक द्रव्यं असतात. शेंगा धरलेला ताग गोठ्यात नेऊ नका.

याने सेंद्रिय कर्ब वाढतो का?

एका ताग-गाडणीने माती परीक्षणाचा आकडा हलेल अशी आशा धरू नका. कोवळा पाला आपल्या उष्ण हवेत पटकन कुजतो आणि त्यातला बराचसा कर्ब हवेत परत जातो. पीक मात्र पहिल्याच वर्षी बोलतं, कारण नत्र मिळतं आणि माती मोकळी होते. कर्ब टिकवायचा असेल तर जाडंभरडं, हळू कुजणारंही काही हवं. उसाचं पाचट, म्हणजे वाळलेली पानं, पेटवू नका. ते सरीत राहू द्या. पाचटात कर्ब फार, तागात नत्र चांगलं, दोन्हींची जोडी जमते. संध्याकाळी शिवारात पाचटाचे जाळ उठतात तेव्हा अजून जीव तुटतो.

परदेशात कुट्टू गाडतात म्हणे. आपल्याकडे चालेल का?

खरं आहे, अमेरिका-युरोपात लहान शेतांवर उन्हाळ्यात कुट्टू पेरतात. उत्तर भारतात उपवासाला ज्याचं पीठ खातात तोच हा कुट्टू. महिन्याभरात फुलतो, तण दाबतो, मधमाश्या गोळा करतो आणि मातीतला अडकलेला स्फुरद उचलतो. पण तो शेंगवर्गीय नाही, नत्र धरत नाही. शिवाय ते थंड हवेचं पीक आहे. हिमालयाच्या उतारांवर आणि छत्तीसगडमध्ये मैनपाटच्या पठारावर होतं, तिथे त्याला टाऊ म्हणतात. आपल्या मे-जूनच्या उन्हात ते कोमेजतं आणि पावसाळ्यात साचलेलं पाणी त्याला सोसत नाही. हौस असेल तर ऑक्टोबरच्या अखेरीस एखाद्या गुंठ्यात पेरून पाहा. बियाण्यासाठी वणवण करून सगळं रान त्याला देण्यात मला अर्थ दिसत नाही.

बी दरवर्षी विकत घ्यायचं का?

गरज नाही. जुलै-ऑगस्टच्या तागाचा एक-दीड गुंठ्याचा पट्टा बांधालगत उभा सोडा, पुढच्या वर्षी दहा-वीस गुंठ्यांपुरतं बी निघतं. तागाचं फूल उघडायला मोठा भुंगा लागतो, काळा, लाकूड पोखरणारा. तो फुलावर बसला की त्याच्या वजनाने पाकळी दबते आणि परागकण वर येतात. म्हणून त्या पट्ट्यावर फुलांच्या दिवसांत औषध मारू नका. चार-साडेचार महिन्यांनी शेंगा पिवळ्या-करड्या होतात आणि झाड हलवलं की खुळखुळतात. कापणी सकाळी दवात करा, उन्हात शेंगा तडकून बी गळतं. चार दिवस ताडपत्रीवर वाळवून काठीने झोडपा, पाखडा, आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून डब्यात भरा. पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. चौथ्या-पाचव्या दिवशी ऐंशीच्या वर मोड आले तर बी चांगलं, साठ-सत्तर आले तर त्या मानाने बी वाढवून पेरा.